नेसरी रस्त्याची साईडपट्टी

२८ सप्टेंबर

कंट्रोल पुढे! आठच्या आठ ठिकाणी!

चौथ्यांदा बेरीज केली. तेच. डोकं फिरलंय, आणि डोकं फिरलं की मी कागदावर काहीही लिहिते. म्हणून आज माझ्या गाईडचा, मुजावर सरांचा उपाय करते — गोंधळ झाला की चौथीतल्या पोराला समजावतोय असं धरून सगळं पहिल्यापासून लिहायचं.

तर. गडहिंग्लजहून नेसरीला जाणारा रस्ता. डांबर संपतं आणि शेताचा बांध सुरू होतो, त्यांच्या मधली मातीची, गवताची पट्टी म्हणजे साईडपट्टी. तिच्यावर माझे सोळा तुकडे, प्रत्येकी शंभर मीटर. तीन वर्षांपूर्वी प्रत्येकाच्या डोक्याशी पत्र्याची पाटी रोवली. आठ पाट्यांवर 'राखीव' — इथं जानेवारीपर्यंत विळा नाही, मशीन नाही. सगळं बी पडून गेलं की मी माणूस लावून कापून घेते आणि गवत तिथंच अंथरून ठेवते, खत होईल म्हणून. आठ पाट्यांवर 'कंट्रोल' — इथं मी काही करायचं नाही, बांधकाम खातं नेहमी करतं तेच होऊ द्यायचं. म्हणजे दिवाळी झाली की ठेकेदाराचं मशीन फिरणार. तुलनेसाठी.

माझा दावा, राखीवमध्ये रानफुलं वाढणार. तऱ्हेतऱ्हेची फुलं म्हणजे तऱ्हेतऱ्हेची मुळं, म्हणजे माती धरून राहणार, पाणी मुरणार, रस्त्याची कड खचणार नाही. सभा-संमेलनांत छाती ठोकून सांगत आले.

आणि झालं काय? राखीवमध्ये सरासरी नऊ जाती. कंट्रोलमध्ये सतरा! राखीव म्हणजे नुसतं कमरेएवढं गवत, त्यात एखादा तेरडा जीव मुठीत धरून उभा. कंट्रोलमध्ये सोनकी, कवला, कुर्डू, केना... जत्रा भरलीय.

रस्ता रुंद होणार आहे. १२ डिसेंबरला खात्याच्या साहेबांपुढे मला वीस मिनिटं मिळालीत. तयार नकाशात दोन्ही अंगांना काँक्रीटचं गटार आणि बांधापर्यंत पेव्हर ब्लॉक. मी पटवून दिलं तर गवत राहील, नाहीतर ब्लॉक. आणि या आकड्यांवरून मी काय पटवणार? खातं करतंय तेच बरोबर आहे?

२९ सप्टेंबर

सरांना फोन. शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "परत मोज" म्हणाले आणि ठेवला.

१ ऑक्टोबर

पहाटेच्या एस.टी.नं गडहिंग्लज, तिथून वडापच्या जीपमधून नेसरी. निघताना आईनं दारातच अडवलं. "चातुर्मास संपायचाय अजून. हिरव्यावर पाय टाकू नये म्हणून आम्ही अंगणातसुद्धा जपून चालतोय, आणि तू दिवसभर त्याच्यात लोळून येतेस. किती जीव जातात गं?" मी म्हटलं, मी ते मोजायलाच जाते. तिला विनोद आवडला नाही. डबा मात्र दिला.

लोखंडी चौकट टाकायची, गुडघे टेकायचे, आतलं एकेक रोप लिहून घ्यायचं. सोळा तुकडे, प्रत्येकी पाच चौकटी. संध्याकाळी गुडघे म्हणजे तवे झाले होते. उत्तर तेच. नऊ आणि सतरा.

पण आज एक भलतीच गोष्ट दिसली. तीन नंबरच्या कंट्रोलपाशी पाणी प्यायला उभी होते. पाटीच्या अलीकडे फुलं. पाटी ओलांडून दहा पावलं गेलं की फुलं गायब! नुसतं गाजरगवत आणि वाढलेली कुसळी. पुढे आठही कंट्रोल तशाच नजरेनं बघितले. सगळीकडे हेच. माझा तुकडा संपला की जत्रा संपली.

कंट्रोल म्हणजे बाकीच्या रस्त्यासारखाच तुकडा. त्याची व्याख्याच ती. मग तो बाकीच्या रस्त्यासारखा का नाही?

पाटीत काय जादू आहे का?

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं घेऊन आलेल्या प्रत्येकाला पाटीची गोष्ट सांगितली. माझे मामा म्हणाले, "आमच्या शेतात पण एक लाव की."

५ ऑक्टोबर

ऑगस्टमध्ये दिलेल्या मातीचे निकाल आले. मला वाटलं होतं, कंट्रोलची माती जास्त कसदार निघेल आणि कोडं सुटेल. उलटं! कंट्रोलची माती अशक्त आहे. राखीवपेक्षा नत्र कमी. फरक थोडा, पण आठही ठिकाणी.

सरांच्या घरी गेले. चहात बिस्किट बुडवत त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मातीला खाऊपिऊ घातलं की दांडगं गवत माजतं, बारक्या फुलांना चिरडतं. उपाशी मातीत दांडगे मागे पडतात आणि बारक्यांना जागा होते. फुलांचं कळलं. पण माती उपाशी का राहिली? मशीन गवत कापतं, ते तिथंच पडतं, कुजतं, परत मातीत जातं. तुझ्या कंट्रोलचं गेलं कुठं?"

गेलं कुठं? दरवर्षी डिसेंबरात मी तिथं गेलेय. कापलेलं बघितलं, वहीत बरोबरची खूण केली, परत आले. खाली पडलेलं गवत होतं का? आठवत नाही. बघितलंच नाही! जे असणारच असं मी धरून चालले होते ते आहे का हे बघायला कोण जातं? मी जायला हवं होतं. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा मजाच जास्त वाटतेय. कितीतरी दिवसांनी असं झालंय की उत्तर काय येईल ते मला माहीत नाही.

९ ऑक्टोबर

नेसरीच्या अलीकडे गुंडूमामांची चहाची टपरी. मामा खात्यात मैलकुली होते. मैलकुली म्हणजे ठराविक मैलांचा रस्ता ज्याच्या गळ्यात असायचा तो माणूस. खड्डा बुजवणं, गटार उपसणं, साईडपट्टी तासणं. आता मैलकुली भरत नाहीत, ठेकेदार येतो. तीन वर्षं मी त्यांच्याकडे पाटी, चौकट, छत्री सगळं ठेवते.

विचारलं, "मामा, माझ्या कंट्रोलचं कापलेलं गवत कोण नेतं?"

"गवत व्हय? वारं न्हेतंय."

"मामा."

"च्या घ्या आधी. आमच्या वक्ताला साईडपट्टी हातानं कापत हुतो आमी. नवरीच्या भांगागत सरळ रेघ. आता मशीन येतंय, फर्रकन जातंय, अर्धं इकडं उडतंय, अर्धं तिकडं."

एवढं बोलून ते दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध अजून ठेवलंच नव्हतं.

मग मी तीन नंबरच्या तुकड्यात पालथी पडून गवताच्या बुडख्यात बघितलं. गेल्या वर्षीचे खुंट अजून आहेत. मशीननं कापलेला खुंट फाटलेला असतो, त्याचे धागे निघतात. हे तसे नव्हते. तिरपे, एका ओढीत कापलेले. विळा!

वडापमधून जाणारे लोक माझ्याकडे बघत होते. एक जण ओरडला, "म्याडम, काय पडलं काय?" म्हटलं, सापडलं.

१३ ऑक्टोबर

ठेकेदाराकडच्या मशीनवाल्याचा नंबर मिळाला. कृष्णात नाव. भला माणूस, अर्धा तास बोलला.

"कंट्रोलच्या जागा आमी सोडतूय की. पैल्या सालीच बायका आडव्या आल्या. म्हणल्या, हे कंट्रोलचं हाय, हात लावू नगा. पाटी बी हाय तशी. आमाला काय, तेवढंच डिझेल वाचलं."

कुठल्या बायका? "आता ते मला काय म्हाईत. तितल्याच की कुठल्या तरी."

म्हणजे तीन वर्षं मशीन माझ्या कंट्रोलवर फिरलंच नाही. म्हणजे माझा कंट्रोल कंट्रोलच नाही. तीन पावसाळे, दोन फाटलेल्या छत्र्या, एक मोडलेलं लग्न (ते बरंच झालं) आणि हातात काय? ज्याच्याशी तुलना करायची तेच नाही. मशीन अडवणाऱ्या बायकांचा इतका राग आला की जेवले नाही. कोण ह्या, आणि माझ्या प्रयोगाचं नाव सांगून माझाच प्रयोग उधळायचा ह्यांना काय अधिकार?

आणि 'कंट्रोल'चा अर्थ त्यांना सांगितला कोणी?

१४ ऑक्टोबर

कुणी सांगायची गरजच नव्हती. आजी आयुष्यभर 'कंट्रोलची साखर' म्हणत होती. कंट्रोलचं रॉकेल. कंट्रोलचे तांदूळ. रेशनच्या दुकानाला गावात कुणी रेशन म्हणत नाही, कंट्रोल म्हणतात. आणि मी इंग्रजी पुस्तकातला शब्द उचलला, गडहिंग्लजच्या पेंटरकडून देवनागरीत रंगवून घेतला आणि रस्त्यावर रोवून आले!

कंट्रोलचं गवत.

सकाळी दात घासताना हे कळलं. आधी हसले. आईनं बाहेरून विचारलं, काय झालं. सांगता सांगता रडूच आलं. आई म्हणाली, "मग वाईट काय झालं त्यात?" सगळंच, म्हटलं.

१७ ऑक्टोबर

आज भेटले त्यांना. सविस्तर लिहिते, एक शब्दही विसरायचा नाही.

गुंडूमामांना जाऊन म्हटलं, मी कुणाला रागवायला आले नाही, मला फक्त कळायला हवंय. त्यांनी कप विसळून पालथे घातले. मग पोह्याची पातेली झाकली आणि स्वतः मला वस्तीवर घेऊन गेले. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर दहा-बारा घरं. धोंडुबाई साठीच्या. ठेंगण्या, आवाज मात्र घाटापलीकडं जाईल असा. दारात एक म्हैस. शेजारची नजीरा माझ्याच वयाची, नवरा बेळगावला गवंडीकामावर, दोन शेळ्या.

मला बघून धोंडुबाई आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या पिवळं रेशनकार्ड घेऊन. मी काही विचारायच्या आत.

"हे बगा. हाय कार्ड. खोटं न्हाय कापलं आमी."

म्हटलं, कार्ड राहू दे, मला सगळं पहिल्यापासून सांगा.

"सांगायचं काय त्यात? कंट्रोलची पाटी लागली. वस्तीत पिवळी कार्डं किती, आठ. पाट्या किती, आठ. कुणी तरी मोजूनच लावलंय म्हटलं. नंबर बी घातल्यात. माझा तीन नंबर, हिचा पाच. पयल्या साली धा दीस वाट बघितली आमी. कोण तरी यील, अंगठ्याचा थम घील, मग कापायचं. कोण न्हाय आलं. त्या मशीनवाल्याला थोपवून धरला आणि कापलं."

"आणि राखीवला हात नाही लावला?"

"राखीव फॉरेष्टचं असतंय. केस हुतीया."

म्हणजे माझ्या दोन्ही पाट्या त्यांनी बरोबर वाचल्या होत्या. त्यांच्या भाषेत.

मग मी विचारत सुटले. कधी कापता? दिवाळीला लागून, म्हणाल्या, कुसळ धरायच्या आत. कुसळ धरलं की म्हस तोंड लावत न्हाय, टोचतंय तिला. म्हणजे दांडग्या कुसळीचं बी पडतच नाही! आणि फुलं? "फुलं तवर झडून जात्यात की. त्यांचं बी सांडल्यालं असतंय." मी वहीत भराभर लिहीत होते. किती वर ठेवून कापता? चार बोटं. का? "म्हंजे फुटतंय परत. मुळासकट ओढायला ते काय आमच्या बापाचं हाय? फुडल्या सालाला पायजे की." आणि कापलेलं सगळं नेता? नजीरा हसली. "न्हाय तर काय ठिवायचं तितं? आमी उचल करतूय, एक काडी सोडत न्हाय. ज्याचा नंबर त्येची उचल."

निघताना नजीरा म्हणाली, "पाटीवर कालिजाचं नाव हाय. आमाला वाटलं, शिकल्याली माणसं, गरिबाचं बघत्यात."

धोंडुबाईंनी विचारलं, "चुकलं व्हय आमचं, म्याडम?"

"नाही," म्हटलं. पाटीचा खरा अर्थ सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

१८ ऑक्टोबर

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, कपाळाला हात लावतील. ते उठून गॅलरीत गेले आणि पाठमोरेच हसत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "आदिती, तुझा कंट्रोल मेला, ते प्रबंधात पहिल्या पानावर लिहायचं. लपवायचं नाही. पण मला सांग, हाताने वेळेवर कापणं आणि उचलून नेणं, हा उपाय तपासायचं तुला सुचलं होतं का? मला तरी? त्या आठ बायकांनी तुझ्यापेक्षा चांगला प्रयोग केलाय. तुला हवाय तो खरा कंट्रोल. रस्ता मोकळाच आहे. मशीन यायच्या आत मोज."

मशीन दिवाळीनंतर. हातात तीन दिवस!

२० ऑक्टोबर

काल आणि आज चोवीस तुकडे. आठ राखीव, आठ कंट्रोल, आणि पाटी नसलेले आठ, नुसता रस्ता. गडहिंग्लजलाच मुक्काम केला. नजीरा मदतीला आली, तिला रोपांची नावं माझ्यापेक्षा जास्त येतात. मी लॅटिन सांगायचे, ती म्हणायची, "ही तर शेळी खात न्हाय ती." एक वेगळी यादी केलीय, शेळी काय खाते आणि काय नाही. सरांना दाखवणार.

नुसता रस्ता: पाच. राखीव: आठ. कंट्रोलचं गवत: पंधरा. फुलांचा हंगाम उतरतोय म्हणून सगळेच आकडे थोडे खाली आलेत, पण क्रम स्वच्छ. माझं चुकलं होतं, खात्याचंही चुकलं होतं आणि ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं त्या बरोबर होत्या.

२१ ऑक्टोबर

पहाटे आईबरोबर जैन बस्तीत दिवाळीच्या निर्वाण लाडूला गेले. मनात फक्त कुसळी. देव माफ करो.

२६ ऑक्टोबर

कापणी. मीही गेले. आठ घरच्या आठ जणी. साडेसहाला सुरू, उन्हाच्या आत संपवायचं. विळा हातात घेतला आणि कळलं, एका ओढीत तिरपा खुंट काढणं काय असतं. माझे सगळे खुंट मशीनसारखे, फाटके. धोंडुबाई म्हणाल्या, "तुमी मोजा, कापू नगा."

भारे ताणकाट्यावर मोजले. आठ तुकड्यांतून मिळून सव्वीस भारे. धोंडुबाईंच्या म्हशीला तीन नंबरचा तुकडा कडब्याच्या जोडीला महिनाभर पुरतो. एरवी विकतची वैरण, आणि विकतची परवडत नाही म्हणून गेल्या उन्हाळ्यात म्हैस विकायला काढली होती त्यांनी. हे त्यांनी भारा बांधता बांधता सहज सांगितलं.

मग मी मीटिंगचं सांगितलं. साहेबांना तुमची पद्धत दाखवणार, म्हटलं. सगळ्या जणी थांबल्या.

"आमचं नाव नगं," धोंडुबाई म्हणाल्या. "सरकारी गवत कापलं म्हणून दंड लावत्यात, कार्ड बी बंद करत्यात. तुमी गवताचं सांगा. आमचं नगं."

नजीरानं भारा डोक्यावर घेतला आणि गेली.

घरी आल्यावर आईनं बोटाला पट्टी बघितली. "काय कापत होतीस?" सफरचंद, म्हटलं. सफरचंदासाठी नेसरीला गेले होते हे तिनंही ऐकून घेतलं.

३० नोव्हेंबर

महिनाभर काही लिहिलं नाही. चित्रं, तक्ते, नकाशा. वीस मिनिटांत तीन वर्षं बसवायची. बसतायत, पण एक स्लाइड अडलीय. 'कोण कापतं?'

सर म्हणाले, त्यांनी नको म्हटलंय तर नावं घालू नकोस, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. मग मी लिहिलं: 'हाताने वेळेवर कापणी व पूर्ण उचल.' वाचायला छान वाटतं. कर्ताच नाही वाक्यात. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं वाटलं. बायका आल्या की कार्डं येणार, कार्डं आली की पाटीची चूक येणार, आणि मग साहेब वीस मिनिटं तेच ऐकत बसणार. प्रबंधात पहिल्या पानावर चूक लिहीन. मीटिंगला नको.

१२ डिसेंबर

मिळालं! मिळालं! गवत राहिलं!

शांत होते आणि लिहिते. मोठा लांब टेबल, अकरा जण. मुख्य साहेब सुरुवातीला फोनमध्येच होते. दोन मातीचे ठोकळे नेले होते, एक नुसत्या रस्त्याच्या कडेचा, एक तीन नंबरचा. दोन्हीवर तांब्याभर पाणी ओतलं. पहिल्याचं चिखलपाणी ट्रेमध्ये धबाधबा आलं. दुसऱ्यातून थेंब थेंब, नितळ. साहेबांनी फोन खाली ठेवला. एक जण उठून ट्रेमध्ये बोट घालून बघायला आला.

मग प्रश्न. साप येतील का? चार बोटांच्या गवतात नाही. गाडी साईडपट्टीवर उतरली तर रुतेल का? ब्लॉकइतकं कडक नाही, पण मुळांनी धरलेली माती दबते, खचत नाही. सगळ्यांना उत्तरं होती माझ्याकडे. शेवटी मुख्य साहेबांनी विचारलं, "सगळं खरं मॅडम, पण कापायचं कोणी? आमच्याकडे मैलकुली राहिले नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, या गवताला तिथं मागणी आहे. लोक स्वतः कापून नेतील. खात्याला एक रुपया खर्च नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग काहीतरी लिहून घेतलं.

नेसरी रस्त्यावर ब्लॉक नाहीत. गटार फक्त उतारावर, दोन ठिकाणी. बाकी सगळी साईडपट्टी गवताची, माझ्या मापांप्रमाणे. आदेश महिनाअखेर. बाहेर येऊन सरांना फोन केला. ते पलीकडून "परत मोज" म्हणाले, आणि दोघंही हसत राहिलो.

१४ डिसेंबर

आईनं पुरणपोळी केली. घराजवळच्या कळंब्याच्या तळ्यावर चालायला गेले आणि पहिल्यांदाच रस्त्याच्या कडेला बघत बघत चालले नाही.

१७ डिसेंबर

धोंडुबाईंना कळवलं. गुंडूमामांच्या फोनवरून बोलल्या. "म्हंजे गवत ऱ्हातंय?" सगळं राहतंय, म्हटलं, आठ तुकडे नाहीत, पूर्ण रस्ता. "मग एक रेडकू ठिवून घेतो म्हणायचं," म्हणाल्या. त्यांचा आवाज मावेना फोनमध्ये.

२१ जानेवारी

धोंडुबाईंचा फोन. खात्यानं पूर्ण रस्त्याच्या गवताचा लिलाव केलाय. तीन सालांसाठी, कुणा एका व्यापाऱ्याला. काल त्याची माणसं वस्तीवर येऊन सांगून गेली, हितनं फुडं विळा दिसला तर केस. ग्रामपंचायतीत कागद लावलाय. नजीरानं वाचला. 'सदर गवतास स्थानिक मागणी असल्याचे अहवालावरून दिसून येते.' खाली माझं नाव.

त्या रागावलेल्या नव्हत्या. एवढंच विचारलं, "म्याडम, तुमी सायबास्नी आमचं कायच सांगितलं न्हवतं व्हय?"

नाही, म्हटलं. नव्हतं सांगितलं.